जहाजावरचे शेवटचे दोघे

नेपरव्हिलमधल्या त्या घराला जमीन नव्हती, डेक होता. भिंतीला बल्कहेड म्हणायचं, जिन्याला लॅडर, स्वयंपाकघराला गॅली. आम्ही वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, म्हणून आम्ही 'अप्पर डेक'. सकाळी सहाला खालून कर्कश शिट्टी वाजायची आणि मग भोंग्यातून घरमालकांचा आवाज जिना चढून वर यायचा, "नाऊ हिअर धिस! नाऊ हिअर धिस!" म्हणजे समस्तांनी कान देऊन ऐकावं. ऐकायचं काय, तर बाहेर वीतभर बर्फ पडलंय, झाडूवाल्यांनी डेकवर हजर व्हावं. झाडूवाले कोण? मी आणि माझी बायको. दुसरं होतंच कोण त्या घरात!

मी नागपूरचा. लहानपणी पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव, आणि पोहायला अजूनही येत नाही. अशा माणसाने आयटीची नोकरी करायला अमेरिकेत यावं, समुद्रापासून शेकडो मैल आत घर भाड्याने घ्यावं आणि तिथे खलाशी होऊन बसावं, याला काय म्हणायचं? पण आज कुणी विचारलं की अमेरिकेत काय कमावलंस, तर मी नोकरीचं आणि घराचं नंतर सांगतो. आधी या घरमालकांचं सांगतो. छाती काढून सांगतो.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात बायकोच्या तोंडून सवयीने निघून गेलं, तर त्यांनी भुवया वर केल्या. "हा कुठला हुद्दा?"

"मोठ्या माणसांना म्हणतात," ती म्हणाली.

"पेटी ऑफिसरच्या वर की खाली?"

"वरच असेल."

"मग चालेल," म्हणाले, आणि खाली निघून गेले. तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. पाठ ताठ, शर्टाची इस्त्री कडक, आणि दाढी न करता मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. मला मात्र शनिवारी दाढी वाढवून कचरा टाकायला जाताना बघितलं की म्हणायचे, "किनाऱ्यावर सुट्टी आहे का?"

या सगळ्या नाटकामागे एक जहाज होतं. खालच्या पॅसेजमध्ये त्याचा एकच फोटो होता, काळपट, कडेने डाग पडलेला. एस्कॉर्ट कॅरियर. विमानवाहू जहाजांमधलं हे धाकटं भावंड. काकांची स्वारी दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर होती, मिसरूड फुटायच्या वयात. दर रविवारी सकाळी हातात कॉफीचा मग घेऊन ते त्या फोटोसमोर उभे राहायचे आणि जहाजाची हकीकत सांगायचे. ऐकायला आम्ही. सुटका नाही. पहिले दोन महिने मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेत होतो, अरे यार, रविवार आहे, झोपू द्या ना! मग कधी कोण जाणे, मीच आधी खाली जाऊन उभा राहायला लागलो.

"तिचा जन्म घाईत झाला," इथून सुरुवात. जहाज त्यांना कायम 'ती'. लढाई पेटलेली, मोठी कॅरियर बांधायला वेळ नाही, म्हणून मालवाहू जहाजाच्या सांगाड्यावरच वर धावपट्टी ठोकली आणि दिली सोडून समुद्रात. पट्टी एवढी आखूड की विमान उतरायचं म्हणजे वैमानिकाने देवाचं नाव घ्यायचं. बंदरात मोठ्या कॅरियरवरचे खलाशी कठड्याला टेकून हसायचे, बघा रे, होडी आली. आणि कामं तरी काय? मालाच्या जहाजांचे तांडे समुद्रापार न्यायचे, वरून विमानं फिरवून पाणबुड्या हुडकायच्या. नवी कोरी विमानं भरून न्यायची आणि मोठ्या जहाजांना देऊन रिकाम्या हाताने परत यायचं. "नाव त्यांचं झालं," काका म्हणायचे, "पण त्यांना विमानं कुणी नेऊन दिली?" मग एक घोट. मग आवाज चढायचा. लढाई संपल्यावर हिच्या पोटातली विमानं काढली, तिथे एकावर एक बिछाने ठोकले आणि दूरदूरच्या बेटांवर अडकलेली पोरं भरभरून घरी आणली. किनारा दिसला की ती पोरं डेकवर उभी राहून हमसून रडायची. "मोठ्या जहाजांनी लढाया मारल्या. आमच्या जहाजाने माणसं घरी पोचवली."

इथे हकीकत थांबायची. "आणि पुढे?" मी एकदा विचारलं.

"कॉफी संपली," काका म्हणाले आणि कॉफीचा मग धुवायला गेले.

पुढचं मी लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं. काही वर्षं एका खाडीत बांधून ठेवलं होतं, मग भंगारात विकलं. त्या जहाजाचा तुकडाही कुठे उरला नव्हता. 'भंगार' हा शब्द मात्र काकांच्या तोंडून कधी आला नाही, आणि त्यांच्यापुढे काढायची माझीही हिंमत झाली नाही.

पोर्चवर अमेरिकेचा झेंडा होताच, पण त्याच्या शेजारी एक अरुंद, लांबलचक, शेपटीसारखं निमुळतं निशाण असायचं. नौदलाच्या जहाजावर खलाशी भरती झाले की हे चढवतात, आणि जहाज सेवेतून निघालं की उतरवतात. सरकारने ते कधीच उतरवलं होतं. काकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ते मानलं नव्हतं. त्यांचा आपसातला कायदा असा, की जहाज लोखंडाचं नसतं, माणसांचं असतं. दर वसंतात मेळावा भरवायचा. टेबलाशी निदान दोघं जण बसले तर जहाज सेवेत आहे, निशाण वर राहील. एकच उरला तर? "तर तो मेळावा नाही," काका म्हणायचे, "तो नाश्ता करणारा एक म्हातारा."

पूर्वी म्हणे हॉटेलचा मोठा हॉल लागायचा. मी राहायला गेलो तेव्हा दोघंच उरले होते, हे आणि जॉर्जियातल्या अल्फारेटाला मुलीकडे राहणारा त्यांचा दोस्त. त्या दोस्ताबद्दल सांगायचं तर आधी आमच्या सत्यनारायणाबद्दल सांगायला हवं.

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "नव्या घरात पूजा नाही घातली? असं कसं चालेल जी?" ठरलं. चौरंग मांडला, केळीचे खांब म्हणून दुकानातल्या कुंडीतली रोपं आणली, चार घरची माणसं बोलावली. आणि मग आम्ही तेच केलं जे अमेरिकेतलं प्रत्येक देशी घर पूजेच्या दिवशी करतं. छतावरच्या धुराच्या अलार्मला शॉवर कॅप घातली. आरतीच्या मधेच अलार्म कोकलायला नको, एवढाच साधा हेतू!

आरतीला कापूर पेटला आणि त्याचा वास जिन्यातून खाली गेला. पुढच्या क्षणी दार धाडकन उघडलं. नव्वदीचा माणूस, हातात आग विझवायचा लाल सिलिंडर, तोंडाने "फायर! फायर ऑन द अप्पर डेक!" आणि फुस्स! चौरंग, कलश, प्रसादाचा शिरा, माझा कुर्ता, सगळं पांढरंफेक. पाहुण्यांपैकी कुणी किंचाळलं, कुणी हसलं. आई हातात आरतीचं ताट धरून तशीच उभी. तिच्या भुवयांवरसुद्धा पावडर. "काय करून राहिले हे?" एवढंच म्हणाली.

काका माफी मागणार, तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. छतावर, फुलाफुलांची शॉवर कॅप. त्यांचा चेहरा उतरला. इतका वेळ ते ओरडत होते, आता आवाज खाली आला.

"तुम्ही पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीत," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर आम्ही तिघं खाली गेलो, आई उरलासुरला शिरा घेऊन. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आगीची हकीकत सांगितली. परतणारं एक विमान डेकवर आदळलं, टाकी फुटली आणि पेटलेलं पेट्रोल खालच्या हँगरमध्ये ओघळलं. तिथे विमानं रांगेने उभी, पोटं पेट्रोलने भरलेली. पहाऱ्यावरच्या एकाने वेळेवर हाक दिली म्हणून जहाज वाचलं, नाहीतर सगळेच गेले असते. काकांचं काम आग विझवायचं. पाण्याचा पाइप दोघांनी धरायचा असतो. पुढचा तोंड धरतो. मागचा एका काखेत पाइप दाबून दुसरा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवतो आणि त्याला रेटून उभा राहतो, कारण पाण्याचा जोर एवढा की मागच्याने सोडलं की पुढचा उडून पडतो. पुढे काका होते. मागे अल्फारेटावाला. "त्याच्या हाताची कातडी निघाली," काका म्हणाले. "पण हात खांद्यावरून हलला नाही." कितीतरी मित्र त्या दिवशी गेले. जहाज राहिलं.

आईला मी सगळं मराठीत सांगत होतो. तिने शिऱ्याची वाटी काकांपुढे सरकवली. मग म्हणाली, "त्यांना विचार, मी रोज देवापाशी दिवा लावते, तो लावू की नको?" घर त्यांचं होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर तिने नसता लावला.

काकांनी बराच विचार केला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते वर आले. एका हातात वाळूने भरलेली लाल बादली, दुसऱ्यात भोंगा. दारात बादली ठेवली, ताठ उभे राहिले आणि भोंगा तोंडाला लावला, "द स्मोकिंग लॅम्प इज लिट!" जुन्या काळी जहाजावर एक दिवा असायचा, खलाशांनी चिलीम त्याच्यावरच पेटवायची. दिवा पेटलेला असला तरच जहाजावर कुणाला काही पेटवायची मुभा. दिवा गेला, घोषणा राहिली. ती घोषणा झाली आणि आईने निरांजन लावलं. निरांजन शांत होईपर्यंत काका बादलीशी उभे. मग "द स्मोकिंग लॅम्प इज आउट!" आणि खाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी ऑफिसातून येईपर्यंत हा सोहळा आटोपलेला असायचा. एकदा लवकर आलो तर बघतो काय, काका खुर्चीत बसलेत आणि बादलीशी पदर खोचून आई उभी! "त्यांचे गुडघे दुखून राहिले," आई म्हणाली. "मी म्हटलं, आज मी राहते." काका म्हणाले, "तिने रीतसर पहारा घेतलाय. मधे बोलू नकोस." त्यानंतर दोघांनी पाळ्या लावून घेतल्या. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती, अडलंही नाही काही. रविवारच्या हकीकतीलाही ती येऊन बसायची आणि मी मराठीत सांगायचो. एकदा ती "बोट" म्हणाली, तर काका "शिप! शिप!" करत उठले. तेव्हापासून ती त्यांच्यासमोर आवर्जून जहाज म्हणायची.

तर तो दोस्त. दर रविवारी अल्फारेटाहून फोन. फोनवर प्रेमाचे शब्द नाहीत, एकच भांडण. आगीच्या दिवशी सकाळी नाश्त्याला काय होतं? दोस्त म्हणे बीन्स. काका म्हणत पावडरची अंडी. "तुझं डोकं वितळलं होतं त्या दिवशी!" म्हणून फोन ठेवायचे आणि खूश दिसायचे. मेळावा स्टेशनजवळच्या पॅनकेकच्या हॉटेलात. तिथेही दोघं आपापली डिश मागवायचे, एक बीन्स, एक अंडी. फोटो काढताना शेजारी उभे राहायचे नाहीत. काका पुढे, दोस्त मागे, त्याचा हात यांच्या खांद्यावर. सगळे फोटो तसेच.

त्या वसंतात मेळाव्याला थोडे दिवस उरले होते आणि दोस्ताच्या मुलीचा फोन आला. तिचे वडील झोपेतच गेले.

त्या दिवशी शिट्टी वाजली नाही. दुपारी खाली गेलो तर काका पोर्चवर निशाणाच्या दोरीशी उभे. "मेळावा कॅन्सल केला," म्हणाले. "ठरलेल्या दिवशी हे उतरवायचं. मला वर हात जात नाही. तू उतरव." मी म्हटलं, "मी बसतो ना टेबलाशी." तर एकदम कडाडले, "तू कोण? तू कधी पहारा दिलास?" खरंच होतं. बर्फ लोटलं होतं, पहारा नव्हता दिला.

वर येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "दोन माणसं पाहिजेत ना त्यांना? मग मी आहे की."

"आई, ते जहाजावरच्या माणसांचं असतं."

"मी काय केलं मग इतके दिवस त्या बादलीपाशी?" आणि ताट बाजूला सारून, पदर सारखा करून, ती तरातरा जिना उतरली. मी मागे. काकांसमोर उभी राहून तिने एक बोट स्वतःकडे केलं, एक बादलीच्या दिशेने, आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य काकांना ऐकवलं, "आय वॉच."

काकांनी दोरी सोडली. "फायर वॉच," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पाच महिने. एकही दिवस चुकला नाही. जहाजावर असं कुणी असेल तर त्याला क्रू म्हणतात. माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

मेळावा झाला. स्टेशनजवळच्या त्याच पॅनकेकच्या हॉटेलात, त्याच टेबलाशी. काका मेडल लावून, आई तिच्या ठेवणीतल्या पैठणीत. मी आणि बायको बाजूच्या टेबलावर, कारण आम्ही क्रू नाही. वेट्रेस आली तसे काका म्हणाले, "माझ्यासाठी बीन्स." मी चमकून बघितलं. "बीन्सच होते," ते हळूच म्हणाले. "मला पहिल्यापासून माहीत होतं. पण मान्य केलं असतं तर त्याने रविवारी फोन कशासाठी केला असता?"

मेळाव्याचा एक रिवाज होता. सगळ्यात नव्या माणसाने उभं राहून जहाजाची हकीकत सांगायची आणि बाकीच्यांनी चुका काढायच्या. आई उभी राहिली. मला वाटलं घाबरेल. कसलं काय! नागपुरी मराठीत तिने जहाज पाण्यात सोडलं. घाईत झालेला जन्म, हसणारे मोठ्या जहाजावरचे लोक, पाणबुड्या, दुसऱ्याला नेऊन दिलेली विमानं, आग, खांद्यावरचा हात, घरी आणलेली पोरं. मी इंग्रजी करत होतो आणि आजूबाजूची टेबलं गप्प होत गेली. काकांना एक चूक सापडली नाही. आणि मग, जिथे काका नेहमी थांबायचे तिथे आई थांबलीच नाही! मी तिला शेवट सांगून ठेवला होता, तो काढू नको हे सांगायचं राहिलं होतं.

"मग तिला मोडीत घातली," आई म्हणाली. "आपण जुनी पितळी भांडी घालतो तशी. लोखंड वितळलं. पण मोडीत घातलेलं वाया जाते का जी? त्याचं नवं होते. कुणाच्या रुळात गेलं असेल, कुणाच्या पुलात. कुणाच्या घरी तवा झाला असेल. त्याच्यावर पोरांना गरम गरम मिळून राहिलं असेल."

माझं इंग्रजी अडखळलं. काकांकडे बघवेना. पण सांगितलं, तव्यापर्यंत सगळं सांगितलं. काका म्हणाले, "तवा?" आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. "इतकी वर्षं मी ते तोंडातून काढलं नाही. आणि या बाईने तिला गॅलीत नेऊन बसवली!"

घरी परतल्यावर फोटो काढायचा होता. काका पोर्चवर निशाणाखाली जाऊन उभे राहिले, समोर बघत. मागची जागा रिकामी. माझी आई, जी परक्या माणसाला चहाचा कप देतानासुद्धा टेबलावर ठेवते, हातात देत नाही, ती पुढे झाली. त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिने उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. घट्ट. तो फोटो आज आमच्या हॉलमध्ये आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवतो, कुणी विचारो न विचारो.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. आई तेव्हा नागपूरला होती. मधल्या काळात त्यांनी मलाही बादलीशी उभं करून पहारा द्यायला लावला होता, बायकोलाही. त्यामुळे निशाण उतरलं नाही. आता ते आमच्या स्वतःच्या पोर्चवर आहे आणि वसंतात आम्ही दोघं त्या टेबलाशी जाऊन बसतो. मी बीन्स मागवतो, बायको अंडी. हकीकत मी सांगतो, चुका ती काढते.

काका गेले त्या सकाळी मी नागपूरला फोन लावला. आईला सांगितलं. मागे कुकरची शिट्टी होत होती. मग तिने विचारलं, "त्यांच्या मागे कोण होतं रे?"

"मी होतो आई. पलंगाच्या उशाशी."

"हात?"

"खांद्यावर."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग ठीक आहे," आई म्हणाली.